वीतभर दार

दिवाळीच्या पहाटे बंब पेटवण्याचे काम आमच्या घरी लहानपणापासून माझ्याकडे होते. चिंचेने घासून लखलखीत केलेला तो तांब्याचा बंब, त्याच्या पोटातून वर गेलेली धुराची नळी आणि तळाची राखेची जाळी, हे सगळे माझ्या हातातले झाले होते. आधी जाळीवरची राख खाली पाडायची, मग नारळाच्या शेंड्या, त्यांवर ढलप्या, आणि त्यांनी पेट घेतला की वरून कोळसे सोडायचे. बंब नीट पेटला की आतल्या आत घुमू लागे. तो आवाज ऐकून आई अंथरुणातूनच म्हणायची, "लागला गं बंब!" पुढे घरात गॅसचा गीझर आला, बंब माळ्यावर गेला, आणि माझी ही विद्या आता कुणाच्या उपयोगाची उरली नाही अशी माझी खात्री होऊन बसली. ती विद्या साठी उलटल्यावर पुन्हा उपयोगाला आली, आणि तीही इंग्लंडात, एका नावेत. आता ती उपयोगाला आली की अंगाशी आली, ते मात्र वाचकांनीच ठरवावे.

माझी लेक आणि जावई कालव्यावर राहतात, असे मी प्रथम सांगितले तेव्हा आमच्या पुण्याच्या शेजारीणबाईंच्या चेहऱ्यावर सहानुभूती उमटली. कालवा म्हटले की पुणेकरांना खडकवासल्याहून येणारा मुठा कालवा आठवतो. त्याच्या काठी माणसे कोणत्या परिस्थितीत राहतात हे त्यांना ठाऊक असते. "अगंबाई! मग आता कसं?" त्या म्हणाल्या. मी त्यांना समजावले की हा कालवा निराळा. त्याचे नाव ग्रँड युनियन. लंडनपासून बर्मिंगहॅमकडे जाणारा हा पाण्याचा रस्ता रेल्वेच्या आधीचा आहे. लेक राहते तो भाग तर १८०५ सालीच पुरता खुला झाला. त्यावरून पूर्वी कोळसा वाहणाऱ्या लांबट, अरुंद नावा जात. आता तशाच घाटाच्या नव्या पोलादी नावा करून लोक त्यांत बिऱ्हाडे करतात. लंडनच्या आसपास घरभाडे परवडत नाही, हे त्यामागचे रोकडे कारण. बाकी बदके, राजहंस वगैरे नंतरचे.

या नावेची रुंदी सात फुटांना दोन इंच कमी. लांबी मात्र लेकीच्या नावेची सत्तावन्न फूट. घर कसले, आगगाडीच्या डब्यातला बोळच तो! आधी स्वयंपाकघर ओलांडायचे, मग मोरी, मग झोपायची खोली. कुणी समोरून आले तर एकाने भिंतीला चिकटून उभे राहायचे. नावेला कायमचा धक्का नव्हता. अशा नावांना एका जागी सलग चौदा दिवसांहून अधिक राहता येत नाही, असा तिथला १९९५ सालचा कायदा आहे. त्यामुळे दर पंधरवड्याला बिऱ्हाड पुढे सरकायचे. पण तिथे हेमेल हेम्पस्टेडपासून ट्रिंगपर्यंत रेल्वेही कालव्याच्या बाजूबाजूनेच जाते. तेव्हा जावई आज या स्टेशनावरून तर पुढच्या पंधरवड्यात पलीकडच्या स्टेशनावरून लंडनची गाडी पकडायचे, एवढाच फरक.

लेकीला पाचवा महिना होता, म्हणून २०२४ च्या नोव्हेंबरात, दिवाळीचा फराळ डब्यांत भरून मी तिकडे गेले. नाव तेव्हा बर्कमस्टेडच्या जुन्या किल्ल्याजवळ बांधलेली होती. पहिल्याच रात्री मला थंडी म्हणजे काय ते कळले. घरात थंडी खिडकीतून येते. नावेत ती खालून येते. पायांखाली फळी, फळीखाली पोलाद आणि पोलादाखाली बर्फाच्या वाटेवर असलेले पाणी. सकाळी उठून पाहते तो खिडक्यांच्या काचांवरून पाण्याचे ओघळ चाललेले. आम्ही तिघांनी रात्रभर सोडलेला श्वासच गार काचेवर जमला होता. उशीचा कोपरा ओला, पुस्तकांची पाने फुगलेली. नावेत कोळशाची एक जुनी चूल होती, जुन्या मालकाकडून नावेबरोबरच आलेली. तिचे दार सैल झाले होते. ती बदलायची हे ठरले होते. तिच्या जागी काय आणायचे, हे मात्र दीड महिना वाद घालूनही ठरत नव्हते.

जावयांचे मत डिझेलच्या यंत्राला होते. नावेच्या टाकीतले डिझेल ते आपोआप ओढून घेते, त्याचा जाळ बंद डबीत असतो, धूर परस्पर बाहेर जातो, आणि गरम हवा खोलीत येते. घड्याळ लावून ठेवले की पहाटे आपल्याआधी ते उठते. "आई, कळ दाबली की काम झालं," जावई म्हणाले. ते नागपूरचे. उन्हाळ्यात कूलर आणि हिवाळ्यात शेकोटी, दोन्ही वेळेवर लागण्याची त्यांना सवय. लेकीचे म्हणणे असे की हे यंत्र सुरू व्हायला आणि त्याचा पंखा फिरायला बॅटरी लागते. डिसेंबरात तिकडे दिवस जेमतेम आठ तासांचा, सूर्य क्षितिजाला धरून चालणारा. छपरावरच्या सौरपट्ट्यांतून वीज येणार ती किती? बॅटरी उतरली की यंत्र गप्प, आणि तेही नेमके थंडीच्या रात्री. तिला कोळशाची चूलच हवी होती. नवी घ्यायची, पण चूलच. तिला वीज लागत नाही, तिच्यावर किटली ठेवता येते, भाजीही शिजते, आणि कोरडी ऊब देऊन ती नावेतला ओलावाही ओढून घेते.

"आणि पंचवीस किलोची पोती कोण उचलणार? रोज सकाळी राख कोण काढणार?" जावई विचारीत.

"तुझं डिझेलचं यंत्र सुरू होताना विमान उडाल्यासारखं ओरडतं. बाळ झोपेल का?" लेक विचारी.

मी मध्येच विजेच्या शेगडीचे नाव काढले. जावयांनी कागदावर हिशेब करून दाखवला. दोन हजार वॅटची शेगडी बारा व्होल्टच्या बॅटरीवर लावली तर ती दीडशेहून अधिक अँपिअर ओढते. नावेतल्या सगळ्या बॅटऱ्या मिळून दोन-तीन तास पुरतील, मग अंधार. कायमच्या धक्क्यावर किनाऱ्यावरून वीज मिळते, पण तो धक्का इथे होता कुणाला? मग मी म्हटले, सिलिंडरवरची गॅसची शेगडी आणा. तर लेक म्हणाली, "आई, किलोभर गॅस जळला की दीड लिटरहून जास्त पाणी वाफ होऊन खोलीतच राहतं. आपण खिडक्या पुसून दमलोय आधीच." रॉकेलचीही तीच कथा, जितके रॉकेल जाळावे जवळजवळ तितकेच पाणी हवेत. जन्मभर स्टोव्ह वापरूनही ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. आपल्याकडे खिडक्या उघड्या असतात. पाणी कुठे गेले याचा आपण कधी हिशेब मागतो?

खरे सांगायचे तर मी तिसऱ्याच पक्षाची होते. ही नाव विका, कर्ज काढा आणि विटांच्या भिंती असलेल्या घरात जाऊन राहा, हा माझा पक्ष. पोटुशी लेक पाण्यावर तरंगत्या बोळात हिवाळा काढणार, हे मला सोसवत नव्हते. पण बोलून दाखवायचे धैर्य नव्हते. म्हणून मी दोन्ही बाजूंच्या उणिवा तेवढ्या मोजीत होते.

शेजारच्या नावेत पंच्याहत्तरीचे एक आजोबा एकटे राहत. त्यांचे वडील याच कालव्यावर कोळशाच्या नावा हाकीत. तेव्हा नावेच्या मागच्या टोकाला दहा फुटांची एक खोली असे. त्यात आई-बाप, पोरे आणि कोपऱ्यात एक चूल. १९६२ च्या नाताळानंतर थंडी पडली ती १९६३ चा मार्च उजाडेपर्यंत हटली नाही. कालवा गोठला आणि नावा जागच्या जागी अडकल्या. पूर्वी बर्फ फोडायला खास नावा असत. माणसे मधल्या दांड्याला धरून ती नाव डावी-उजवीकडे झुलवीत आणि बर्फाचा थर मोडीत. पण त्या साली फोडलेले बर्फ पुन्हा गोठे. गिऱ्हाईक लॉऱ्यांकडे गेले ते परत आले नाही. त्या कालव्यांवरच्या मालवाहतुकीचा तो जवळजवळ शेवटच ठरला. "आमच्याकडे विकायचा कोळसा होता म्हणून आम्ही ऊब धरून राहिलो," आजोबा म्हणाले, आणि मग लेकीकडे वळून, "पोरी, कधीही एकाच गोष्टीवर विसंबू नकोस." मला ते पटले. पण वाद काही मिटला नाही.

तोवर जुनी चूलच पेटवायची होती, आणि इथे माझी विद्या कामाला आली. चूल पाहताच मी ओळखली. ही तर आमच्या बंबाची विलायती बहीण! तीच खालची जाळी, तीच वर जाणारी नळी, हवा कमी-जास्त करायला दारावर एक चाक. लेकीला ती पेटवायला अर्धा तास लागे. मी दहा मिनिटांत पेटवली. लेक कौतुकाने बघत राहिली. मग मी रात्री निखारा राखण्याची युक्तीही दाखवली. झोपताना भरपूर कोळसा घालायचा आणि हवेचे चाक जवळजवळ मिटून टाकायचे. सकाळी नुसते ढोसले की जाळ तयार. चार दिवस मी त्या नावेची मालकीण होते.

चौथ्या दिवशी कडाक्याचे हिव पडले. दुपारी ती दोघे बाजारात गेली होती. लेकीच्या पलंगावर बसले तर मानेवर गार वाऱ्याची सुई टोचली. वर पाहिले, तर छताला पितळी छत्रीसारखी हवेची खिडकी. असल्या चार छत्र्या नावेभर होत्या, आणि पुढच्या दाराच्या तळाशी झरोके. मनात म्हटले, ही पोरे रात्रंदिवस कोळसा जाळतात आणि ऊब मात्र भोकांवाटे कालव्याला वाटतात! छत्र्या आतून फिरवून मिटत होत्या. चारी मिटल्या. माझ्या जुन्या मऊ सुती लुगड्याचा एक तुकडा जवळ होता. त्याची घडी करून दाराच्या झरोक्यांवर दाबून बसवली आणि वरून पडदा ओढला. संध्याकाळी लेक म्हणाली, "आज काय छान ऊब आहे गं!" मी काही बोलले नाही. गुपचूप केलेल्या उपकाराचे सुख काही निराळेच असते.

रात्री तीनच्या सुमारास भोंगा वाजला. कानठळ्या बसवणारा आवाज. थांबतो, पुन्हा सुरू होतो. मला वाटले घड्याळ. उठावे तर डोके जड, पाय आपले नसल्यासारखे. तेवढ्यात जावई धावत आले. त्यांनी पुढचे दार लाथेनेच उघडले, मागचे उघडले, लेकीला उठवून बाहेर काढले, मग मला. आम्ही तिघे काठावरच्या पांढऱ्या झालेल्या गवतात रजया गुंडाळून उभी राहिलो. उघड्या दारात माझ्या लुगड्याचा तुकडा लोंबत होता. जावयांनी तो पाहिला, माझ्याकडे पाहिले, आणि एक अक्षर बोलले नाहीत. ते काही बोलले असते तर बरे झाले असते.

कोळशाला पुरेशी हवा मिळाली नाही की तो अर्धवट जळतो आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या ज्या कणांनी प्राणवायू वाहून न्यायचा, त्यांना तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरून बसतो. माणसाला गुंगी येते, आणि गुंगीला आपण झोप समजतो. सैल दाराची चूल, मिटलेले चाक आणि बुजवलेले झरोके. यांतले पहिले जुन्या मालकाचे, बाकीची दोन्ही माझी. छताशी लावलेली ती पांढरी डबी नसती तर पुढचे लिहायला मी उरले नसते. राहत्या नावांच्या सुरक्षातपासणीत २०१९ पासून ती डबी सक्तीची आहे, म्हणून ती तिथे होती.

इस्पितळात लेकीच्या रक्ताची तपासणी झाली. पोटातल्या बाळाच्या रक्तातून हा वायू सावकाश जातो, म्हणून तिला जास्त वेळ प्राणवायू लावून ठेवले. मी बाहेरच्या बाकावर बसले होते. आणि तिथे, सत्तर वर्षांपूर्वीची एक गोष्ट अचानक माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

माझ्या आईची धाकटी बहीण बाळंतपणाला वाईच्या वाड्यात होती. मी तेव्हा जन्मलेही नव्हते, सगळे ऐकलेले. बाळंतिणीची खोली, वारा लागू नये म्हणून दार-खिडक्यांच्या फटींत चिंध्या कोंबलेल्या, बाजेखाली कोळशाची शेगडी, वर ओव्याची धुरी. नवव्या दिवशी पहाटे कुणी दार उघडले तेव्हा मावशी बेशुद्ध होती. तिला उचलून अंगणात आणले आणि ती शुद्धीवर आली. बाळ आले नाही. घराने म्हटले, बाहेरची बाधा. कुणी सटवाईचे नाव घेतले. मावशीला त्यानंतर पुष्कळ वर्षे पायगुणाचे बोल ऐकावे लागले. शेगडीचे नाव कुणी काढले नाही.

आईनेही काढले नाही. पण पुढे आमच्या घरात जितकी बाळंतपणे झाली, तितक्या वेळी ती बाळंतिणीच्या खोलीचे दार वीतभर उघडे ठेवून त्यात पाट्यावरचा वरवंटा घालून ठेवी, कुणी चुकूनही लोटू नये म्हणून. १९९१ साली माझ्या वेळी, म्हणजे याच लेकीच्या जन्माच्या वेळी, सासूबाई कुरकुरल्या होत्या, "विहीणबाई, वारा येतोय." आई म्हणाली होती, "राहू दे. मला कोंडल्यासारखं होतं." मला ते आईचे वेड वाटे. तिला शास्त्र ठाऊक नव्हते; वायूचे नावही ठाऊक नव्हते. तिने फक्त काय झाले ते नीट पाहिले होते, आणि कुणाशी वाद न घालता दारात वरवंटा ठेवला होता. मी शास्त्र शिकले, आणि दार बुजवले.

पहाटे परिचारिकेने आत बोलावले. यंत्रातून बाळाचे ठोके ऐकू येत होते. घोडा दौडावा तसे, भरधाव. लेक म्हणाली, "आई, रडू नकोस. डबी वाजली ना वेळेवर?" जावयांनी चहाचा पेला माझ्या हातात दिला. मग मी दोघांना सगळे सांगितले, छत्र्यांचे आणि मावशीचेही. जावई इतकेच म्हणाले, "आई, तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं आम्ही." चूक माझी आणि दिलगिरी त्यांची. असा जावई मिळायला पुण्याई लागते.

परत आल्यावर शेजारच्या आजोबांनी चुलीच्या दारात वर्तमानपत्राची पट्टी धरून दार मिटले आणि मला ओढायला लावली. पट्टी सुळकन् निघाली. "निघायला नको," ते म्हणाले. दाराच्या कडेची वळलेली दोरी पार झिजून गेली होती. एवढी साधी परीक्षा. पण ती आम्हा तिघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हती.

यानंतर निवड करायला वेळ लागला नाही. मी म्हटले असते तर ती दोघे त्या आठवड्यात नाव सोडूनही गेली असती, असे मला वाटते. पण ते म्हणण्याचा अधिकार मी लुगड्याच्या घडीबरोबर घालवून बसले होते. आणि खरे तर आता तसे म्हणावेसेही वाटेना. वाईचा वाडा दगडी होता, चिरेबंदी. त्याने कुणाला वाचवले? लेकीची नवी चूल आली, घट्ट दाराची, नवी धुराची नळी लावून, जाणत्या माणसाकडून बसवून घेतलेली. आणि जावयांचे डिझेलचे यंत्रही आले, लहानसे, पहाटेचा एक तास चालवायला. बॅटरी उतरली तर चूल आहे. लेकीने वाकायचे नाही त्या दिवसांत यंत्र आहे. कोळशाची पोती आणि राख जावयांकडे. गरम राखेची बादली नावेत ठेवायची नाही, कारण त्या राखेतूनही तोच वायू निघतो. एकाच्या जागी दोन भोंगे. आणि पितळी छत्र्या उघड्या, त्या कुणी मिटायच्या नाहीत, विशेषतः मी.

मानेवर वारा येईच. मी कानाला स्कार्फ बांधून झोपू लागले.

एप्रिलात नात झाली. तेव्हा काठावर हिरवे फुटू लागले होते, तरी रात्री चूल लागत असे. कोळशाची शेगडी मी जवळ आणली नाही. रबरी पिशवीत गरम पाणी घालून लेकीला शेकले, तेवढे पुरले. पहिल्या रात्री तिला आणि बाळाला झोपवले आणि दार वीतभर उघडे ठेवायला काहीतरी शोधू लागले. नावेत वरवंटा कुठला? कालव्यावर नाव चढवायला-उतरवायला जागोजागी पाण्याचे जिने असतात. त्यांच्या झडपा उचलायचा काटकोनात वाकवलेला एक लोखंडी दांडा प्रत्येक नावेत असतो. तो दाराशीच टांगलेला होता. तो काढला आणि दारात आडवा ठेवला. चांगला जड होता.

अंधारातून लेकीचा आवाज आला, "आई, वारा येतोय गं."

"राहू दे," मी म्हटले, "मला कोंडल्यासारखं होतं."